ऑइलचा काटा

मीटर वाचायला मी बाराखडीच्या आधी शिकलो. बाबांची महिंद्राची कमांडर जीप होती. वांकिडी ते आसिफाबाद सवारी वाहायची आणि लग्नसराईत केरामेरीचा घाट चढून उटनूरकडे वऱ्हाड न्यायची. गिअरच्या दांड्याला गुडघे चिकटवून बसलेल्या पोराला समोर पाहायला होतं ते एवढंच: पाण्याच्या मीटरवर एका टोकाला 'सी', दुसऱ्या टोकाला 'एच' आणि मधे पांढरा काटा. शेजारी ऑइल प्रेशरचं मीटर, त्याच्या बाजूला चार्जिंगचं. घाट लागला की रस्त्यावरची नजर न काढता बाबा विचारायचे, "काटा कुठी गेला, पाय बरं."

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45च्या वर जातो. भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये वळणं चढू लागली की काटा 'एच'कडे सरकायचा. तो एका ठरावीक रेघेच्या पुढे गेला की बाबा सागाच्या सावलीत गाडी बाजूला घ्यायचे. इंजिन मात्र बंद करायचे नाहीत. बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि ब्लॉकमधली उष्णता आतल्या आत कोंडते, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. गाडी मंद चालू ठेवायची, रेडिएटरच्या जाळीवर ओलं गोणपाट टाकायचं आणि थांबायचं. मागचे लोक उतरून पाय मोकळे करायचे. कोणी मराठीत बोले, कोणी तेलुगूत, म्हाताऱ्या बाया गोंडीत. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा शेजारचा राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेला आणि वांकिडी तेलुगू मुलखात राहिली. पुढे 2014ला तेलंगण झालं, 2016ला आसिफाबादचा वेगळा जिल्हा झाला. घरची भाषा मराठीच राहिली.

पुढे मी गडचांदूरला सिमेंट कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामाला लागलो आणि मीटर हाच पोटापाण्याचा धंदा झाला. भट्टीत क्लिंकर साधारण 1450 अंशांवर तयार होतो, पण मला जपावी लागायची ती भट्टी नव्हे, तिला फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं आणि पंख्यांच्या बेअरिंगांचं ऑइल. ते दहा अंशांनी चढलं तरी कंट्रोल रूममधून फोन येतो. वाकलेली पितळी नळी, आत दाब वाढला की ती थोडी सरळ होते आणि दातेरी चाकांमार्फत काटा फिरवते: फ्रेंच कारागीर यूजीन बूर्दाँने 1849 साली पेटंट घेतलेली ही रचना आजही बॉयलरवर आणि कॉम्प्रेसरवर दिसते. असं मीटर उघडून साफ करताना मला दर वेळी त्या माणसाबद्दल आदर वाटतो. एवढ्याशा नळीने लाखो माणसांचे जीव वाचवले असतील.

त्यामुळे जुनी स्विफ्ट डिझेल घेतली तेव्हा खटकलं ते तिचं पाण्याचं मीटर. डिसेंबरात काटा मधोमध, मे महिन्यात एसी लावून घाट चढतानाही मधोमध. कारखान्यात असा न हलणारा काटा दिसला तर आम्ही आधी तारा तपासतो. इथे तारा ठीक होत्या. अनेक गाड्यांमध्ये काट्यामागचा संगणकच त्याला तापमानाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात जागचा हलू देत नाही. काटा जरा वर गेला की गिऱ्हाईक घाबरून वर्कशॉप गाठतं, त्यावर काढलेला हा उपाय. कित्येक नव्या गाड्यांत तर काटाच नाही, गार असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. लाल दिवा लागतो तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. मला हे पटत नाही. ज्याच्या हातात स्टीअरिंग आहे त्याला आत काय चाललंय ते कळलं पाहिजे. डॅशबोर्डवर हातभर स्क्रीन बसवता येतो, तर ऑइलचं तापमान सांगणारा एक काटा का नाही?

टर्बो असलेल्या गाडीत तर हा प्रश्न जास्त टोकदार होतो. सायलेन्सरकडे जाणारा जळका वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशीने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. छोट्या डिझेल गाडीत हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, एका बाजूला सातशे अंशांच्या पुढचा वायू, आणि त्याला तोलून धरते ती फक्त ऑइलची पातळ फिल्म. चढ चढून आल्याबरोबर चावी फिरवली की पंप थांबतो, बेअरिंगमधलं ऑइल जागेवर जळून काळी खपली धरते. पाण्याच्या काट्याला यातलं काहीच कळत नाही.

मी हैदराबादहून दोन मीटरं आणली, 52 मिलिमीटर व्यासाची, एक ऑइलच्या तापमानाचं, एक बूस्टचं, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाचं. बसवण्याआधी तापमानाचा सेन्सर तपासला. आईने एक जुनं पातेलं दिलं, "हे परत चुलीवर येणार नाही" असं बजावून. पाणी तापत ठेवलं, तारेला बांधून सेन्सर आत सोडला, शेजारी कारखान्याच्या कामातला माझा थर्मामीटर, आणि बाहेर बॅटरीला जोडलेलं मीटर. साठ, सत्तर, ऐंशी, काटा थर्मामीटरच्या बरोबरीने चढत गेला. पाणी खदखदायला लागलं तेव्हा दोघांत दोन अंशांचा फरक होता. एवढा फरक मी कारखान्यातही चालवून घेतला असता.

बसवायला आसिफाबादच्या रस्त्यावरचे ओळखीचे मिस्त्री. ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामधे चकती घालून तिच्यात सेन्सर बसवतात, पण या इंजिनात फिल्टर कागदी, स्वतःच्या डब्यात बसणारा. म्हणून चेंबरच्या खालचा ऑइल सोडायचा बोल्ट काढून त्याच आट्यांचा अडॅप्टर लावला. मिस्त्रींनी सवयीने सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायला घेतली, तेव्हा हात धरला. एका तारेचा सेन्सर आट्यांमधूनच अर्थ घेतो, टेपचा थर जाड झाला की काटा जागचा हलत नाही. बूस्टसाठी इंटरकूलरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीवर 'टी' टाकला, सेन्सर त्याच्यापेक्षा उंच बांधला, म्हणजे हवेतलं ऑइल त्यात साचणार नाही. तार डॅशबोर्डमागच्या पत्र्यातल्या रबरी बुचातून आत घेतली. गाडी चालू केली. बूस्टचा काटा शून्यावर. "साब, ये तो उठिच नै," मिस्त्री म्हणाले. डिझेलमध्ये उभ्या गाडीत तो शून्यावरच असतो, पेट्रोल टर्बोसारखा खाली जात नाही. वांकिडीच्या रस्त्याला लागून तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबला, इंजिनाने दोन हजार फेरे गाठले आणि काटा एक बारच्या थोडा पुढे जाऊन थांबला. मिस्त्री मागच्या सीटवरून पुढे वाकून तेवढंच पाहत होते. "हौ," एवढंच म्हणाले.

हिवाळ्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. आमच्या जिल्ह्यातलं सिरपूर (यू) तेलंगणातल्या सगळ्यात थंड ठिकाणांत मोजलं जातं, वांकिडीतही सकाळी हात बधिर होतात. पाण्याचा काटा मधोमध आलेला असतो आणि ऑइल अजून पन्नासवर! पूर्वी इथेच आपण गाडीला पिटाळत होतो. आता ऑइल ऐंशी होईपर्यंत मी पाय हलका ठेवतो. मे महिन्यात घाटाच्या माथ्यावर तेच 118 दिसलं. चेंबर सगळ्यात खाली, त्याला वारा लागतो, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगजवळ त्याहून जास्त असणार हे धरून चालावं लागतं. 130च्या पुढे साधं ऑइल झपाट्याने खराब होतं.

बूस्टचं मीटर मात्र मी आधी निम्मी हौस म्हणून घेतलं होतं. एकदा राजुऱ्याकडून येताना ट्रक ओलांडताना काटा अर्ध्या बारवर अडखळला. गाडी चालत होती, दिवा लागला नव्हता, दम किंचित कमी इतकंच. बोनेट उघडलं तर इंटरकूलरच्या रबरी नळीवर क्लॅम्पजवळ बोटाच्या पेराएवढी भेग, तिच्याभोवती ऑइलचा ओला काळा डाग. ती भेग हायवेवर पूर्ण फाटली असती तर गाडी धूर ओकत ट्रकांच्या रांगेत रेंगाळली असती.

बाबा आता गाडी चालवत नाहीत. शेजारी बसतात. पहिल्यांदा केरामेरीला नेलं तेव्हा वळणागणिक त्यांनी ऑइलचं मीटर पाहिलं, बूस्टकडे ढुंकूनही नाही. माथ्यावर मी गाडी थांबवली, इंजिन मंद चालू ठेवलं. कारण सांगायला गेलो तर म्हणाले, "हे मले नोको सांगू."

भाच्याने कापसाच्या हंगामासाठी पिकअप घेतली आहे, टर्बो डिझेल. जिनिंगसमोरच्या रांगेत तासन्‌तास उभी राहते, मग पूर्ण भरून चढाला लागते. तो विचारतो, मामा, आधी कुठलं लावू? मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र गाडीच्या सॉकेटला लावलं तर बूस्ट बहुतेक दिसतो. ऑइलचं तापमान पुष्कळ गाड्यांत दिसत नाही, कारण त्यांत तो सेन्सरच नसतो. म्हणून त्याला म्हटलं, पैसे आधी ऑइलच्या मीटरवर घाल. त्याच्या फिल्टरचे आटे मोजून ठेवायला सांगितले आहेत. सुट्टीला गेलो की चकती घेऊन जाईन.