चौघांचं एकच टोपलं

नालवाडीतून गळ घेऊन निघालं की जवळचं चांगलं पाणी पवनारचं, धाम नदीचं. तिथं आम्ही गळ टाकत नाही. विनोबा १९३८ साली आमच्या नालवाडीतून उठून त्याच काठावर राहायला गेले. त्यांच्या आश्रमाच्या पायथ्याशी मासा ओढायला हात धजत नाही. बोर धरणाचं पाणी फार देखणं, पण २०१४ पासून तो परिसर व्याघ्रप्रकल्प आहे, तिथं गळाचं नाव काढायचं नाही. म्हणून आमची टोळी धाम नदीच्याच वरच्या अंगाला, महाकाळीच्या धरणाकडे मुक्कामाला जाते. अशा धरणांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांच्या माणसाला विचारल्याशिवाय काठावर चूल मांडायची नाही, हा आमचा पहिला नेम. त्या पाण्यावर ढिवरांची घरं चालतात. आपण हौसेनं आलेले पाहुणे.

जागा दिवस मावळायच्या आत धरावी लागते. शेंगदाण्याची ढेप भिजवून, कोंड्यात मळून तिचे गोळे पाण्यात सोडायचे. वास रात्रभर पसरतो आणि पहाटे रोहू तिथं फिरकतो. पण मुळात जागा कुठली? वरून सगळं पाणी सारखंच दिसतं. खाली जुना नाला असतो, शेताचे बांध असतात, बुडालेल्या झाडांची खोडं असतात. उन्हाळ्यात धरण उतरलं की आम्ही गळ न घेता एक फेरी मारतो आणि उघडा पडलेला तळ नीट पाहून ठेवतो. पावसाळ्यानंतर गळ टाकताना डोळ्यांपुढे तो तळ हवा.

मग ओढ ओळखणं. कतला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून मासा आधी मनात धरायचा आणि मग तंगूस किती सोडायचा ते ठरवायचं. तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधला की पुढचं तोच सांगतो. रोहू आधी चाखून बघतो. धांडा थरथरतो, आडवा होतो, पुन्हा उभा राहतो. नवखा माणूस इथंच हिसका मारतो आणि गळ रिकामा येतो. आमच्यातले काका शेजारून हळूच म्हणतात, "खिचू नको बाबू, खाऊ दे त्याले." धांडा एका बाजूला सरळ चालू लागला, की फक्त मनगट वळवायचं, खांद्याचं तिथं काम नाही. मरळीची तऱ्हा वेगळी. ती दबा धरून असते, धांडा एकदम गडप होतो आणि ती खोडांत शिरते. तंगूस क्षणभरही ढिला पडू द्यायचा नाही. हे सगळं मी काकांच्या काठीकडे पाहत शिकलो. एकट्यानं बसून मला ते आलं नसतं.

टोळीचा हा फायदा, पण टोळीत एक धोकाही असतो. एकटा माणूस दमला की उठतो. चौघांत कोणी उठत नाही. शेजाऱ्याला चार मिळाले की आपल्याला पाच हवे वाटतात, आणि रात्र सरते तशी हाव वाढते. म्हणून आमच्यात टोपलं एकच. कोणता मासा कोणाचा हे कोणी बोलत नाही, वजनकाटा कोणी आणत नाही. रात्रीच्या आणि सकाळच्या जेवणापुरते झाले की काठ्या गुंडाळायच्या आणि भाकरी-जवसाच्या चटणीकडे वळायचं.

नालवाडीच्या चर्मालयात विनोबांच्या काळी मेलेल्या जनावरांची कातडी कमावत. त्या गावच्या माणसानं जिवंत मासा का ओढावा, असं मला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. ओढलेलं खाल्लं पाहिजे आणि पिलं राखणाऱ्या मरळीला हात लावायचा नाही, एवढंच मी धरून चालतो. तिच्या पिलांचा लालसर पुंजका श्वास घ्यायला पाण्यावर येतो, आणि आईबाप त्याच्या खाली पहाऱ्याला असतात. त्या पुंजक्यातून गळ फिरवला तर मरळ पिलांच्या रक्षणासाठी चवताळून त्यावर तोंड टाकते. असा पकडलेला मासा आमच्या टोपल्यात येत नाही.

लहान रोहूचंही तसंच. रोहू-कतल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवण्यात यश आलं, आणि पुढे त्यांचं बीज सहज मिळू लागलं. आज संस्था बोटुकली विकत घेऊन धरणात सोडतात. वीतभर रोहू म्हणजे कोणीतरी पैसे टाकून वाढायला ठेवलेलं धन. तो सोडतानाही हात आधी पाण्यात ओला करायचा. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि उघड्या जागी बुरशी धरते.

यंदा दोन नवी पोरं सोबत येणार आहेत. त्यांच्याकडे रीलच्या काठ्या आहेत. खुशाल आणाव्यात, काकांनाही त्या फिरवून बघायच्या आहेत. ढेप मात्र आदल्या रात्री भिजत घालून आणावी, आणि टोपलं कोणी आणू नये.