मुक्तांगणातले बाबा

अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. मराठी वाचकांना लेखक गेल्याचं दुःख झालं आणि ते साहजिकच होतं. ‘माणसं’, ‘कोंडमारा’, ‘धागे आडवे उभे’ वाचून आमच्या पिढीतले कितीतरी जण हमालापाशी, विडी वळणाऱ्या बाईपाशी थांबायला शिकले. पण येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात त्या दिवशी जे ढसाढसा रडले असतील, त्यातल्या अनेकांनी त्यांचं एकही पुस्तक उघडलं नसेल. त्यांचे बाबा गेले होते.

मला त्यांच्याविषयी सांगायचं आहे ते या नात्याबद्दल. ते व्यसनमुक्तीपर्यंत पोचले ते घरातून, स्वयंपाकघरातून, असं मी मानतो. ओतूरचा हा मुलगा पुण्यात बी. जे. मेडिकलला शिकून डॉक्टर झाला, पण दवाखान्यात रमला नाही. घर चालायचं ते पत्नी सुनंदा यांच्या पगारावर. त्या मानसोपचारतज्ज्ञ, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला. मुक्ता आणि यशोदा या मुलींना सांभाळणं, स्वयंपाक, घरातली बारीकसारीक कामं अवचटांनी आपल्याकडे घेतली. त्या काळात बायको नोकरीवर आणि नवरा घरी, हे चारचौघांना पचणारं नव्हतं. ‘स्वतःविषयी’मध्ये त्यांनी हे दिवस लिहिले आहेत. आपण काही जगावेगळं केलं, असा सूर त्यात औषधालाही नाही. घरातलं रोजचं, कुणाच्या नजरेत न भरणारं काम माणसाला जो धीर देतं, तो पुढे त्यांच्या कामी आला.

ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर मुंबईहून पुण्यात पसरली. गर्द म्हणायचे तिला. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर चिमूटभर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि वितळत पळणाऱ्या थेंबामागे नळी फिरवत धूर ओढायचा. काही तासांनी टर्की लागायची: नाक गळतंय, पोटात पेटके, हाडंन् हाडं ठणकतायत. मग घरातली भांडी विकली जायची, आईच्या कानातलं जायचं, आणि शेवटी आईच दाराला आतून कडी घालायची. अवचट या पोरांशी बोलत बसले. उपदेश नाही, पोलिसी उलटतपासणी नाही. हे कसं घेतोस, मग काय होतं, घरी कोण आहे, एवढंच विचारत राहिले. त्यातून ‘गर्द’ लिहिलं गेलं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला उभे राहिले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं.

तिथला कणा सुनंदाबाईंचा होता, हे अवचट स्वतःच आवर्जून सांगत. पेशंटच्या त्या मॅडम आणि हे बाबा. ही संबोधनं कुणी ठरवून दिली असतील असं वाटत नाही. पस्तीस दिवसांच्या मुक्कामात मार नाही, अपमान नाही. व्यसन हा आजार आहे आणि तो सगळ्या घराला होतो, हे आधी समजून घ्यायचं. म्हणून तिथे पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. मला मुक्तांगणातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दारुड्याची बायको म्हणून जिला सगळे टाळतात, तिला बसायला जागा करून देणं हे ज्याने घर चालवलंय त्यालाच सुचतं.

पांढरी दाढी, खादीचा झब्बा आणि हातात बहुधा कागद. बोलता बोलता घडी पडत जायची, कडा नखाने दाबली जायची आणि समोरच्याच्या तळव्यावर पक्षी यायचा. बासरी, लाकडातली शिल्पं, चित्रं, सगळ्यात त्यांचा हात होता. ज्याचे हात थरथरतायत त्याच्या हातांना काम मिळणं, ही किती मोठी गोष्ट आहे!

सुनंदाबाईंना कर्करोग झाला. आजारातही त्यांचं मन मुक्तांगणातच होतं. १९९७ मध्ये त्या गेल्या. अवचट पुढे पंचवीस वर्षं जगले, लिहीत राहिले, त्यांच्याविषयी बोलत राहिले. संस्थेची धुरा मुक्ताने उचलली. आज तिथे काम करणारे अनेकजण एके काळी तिथेच पेशंट म्हणून आलेले आहेत.

तुमच्या घरात, शेजारात कुणी पीत असेल, ओढत असेल, तर लपवू नका. त्याला घेऊन जाच. पण तो तयार नसेल, तर आधी त्याच्या बायकोला, आईला बरोबर घ्या आणि मुक्तांगणात किंवा जवळच्या एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन बोला. तिचं ऐकून घेणारं कुणीतरी तिथे आहे.