गेलेल्या माणसाचा आवाज कुणाचा?

पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा म्हणजेच 'क्वीन' बँडचा फ्रेडी मर्क्युरी, हे आपल्या सातारा जिल्ह्यात बऱ्याच जणांना माहीत आहे. आपण ते अभिमानाने सांगतोही. आज लिहायचंय ते त्याच्या अशा एका अल्बमबद्दल, जो त्याने स्वतः कधी ऐकलाच नाही.

24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला. वय अवघं 45. आपल्याला एड्स झालाय हे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. वर्षभराने, नोव्हेंबर 1992 मध्ये 'द फ्रेडी मर्क्युरी अल्बम' आला. बँड सोडून केलेली त्याची गाणी त्यात एकत्र केली होती. ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासोबतचं 'बार्सिलोना'ही त्यात होतं.

पण त्यातली बरीच गाणी मुळात होती तशी नव्हती. स्टुडिओत आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो, वाद्यं वेगळ्या. त्यामुळे आवाज तोच ठेवून बाकी सगळं बदलता येतं. त्याचं 1985 चं 'लिव्हिंग ऑन माय ओन' नव्या ठेक्यावर आलं आणि 1993 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. जिवंतपणी त्याच्या एकट्याच्या गाण्याला तिथे हा मान कधी मिळाला नव्हता. उलट 2019 मध्ये त्याचं 1986 चं एक गाणं फक्त आवाज आणि पियानो ठेवून काढलं. मला विचाराल तर तेच काळजाला भिडतं. पण त्याला कुठलं आवडलं असतं? विचारायला तो नाही.

तिथे निदान गायकाचं नाव आहे, मूळ गाणीही मिळतात. आपल्याकडे काय? तालुक्यातल्या एका दिवंगत शाहिरांचा मुलगा मध्यंतरी सांगत होता, "दादा, वडिलांच्या कॅसेटवरचं गाणं कुणीतरी डीजे लावून यूट्यूबवर टाकलंय. वडिलांचं साधं नावसुद्धा नाही हो."

आता तर एआयने न गायलेलं गाणंही कुणाच्याही आवाजात निघतं. अरिजित सिंग 2024 मध्ये मुंबई हायकोर्टात गेला आणि त्याला दिलासा मिळाला. गेलेला माणूस कुठल्या कोर्टात जाणार?

म्हणून एवढंच म्हणणं आहे. गाणी जरूर नव्याने काढा, त्याशिवाय नव्या पोरांपर्यंत ती पोचणार नाहीत. पण घरच्यांना विचारा, गायकाचं नाव लिहा, मूळ रेकॉर्डिंग जपा. तुमच्या घरात अशा जुन्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. कमेंटमध्ये कळवा.