चेहरा नसलेला आनंद

चि. सोनूस,



तुझं पत्र परवा मिळालं. वार्षिक कार्यक्रमात मुलींना घेऊन वारली चित्रांवर नाच बसवायचा तुझा बेत वाचून बरं वाटलं. त्याहून बरं वाटलं ते तुझ्या प्रश्नाने. त्या चित्रांतल्या माणसांना डोळे नाहीत, भुवया नाहीत, ओठ नाहीत, मग आनंद दाखवायचा कुठे, असं तू विचारतेस. लहानपणापासून कथक शिकलेल्या मुलीला हा प्रश्न पडणारच. तुमच्याकडे हर्ष आधी नजरेत उमटतो, मग गालावर, मग हातात. नाट्यशास्त्राने त्याला व्यभिचारी भावांत जागा दिली आहे, आणि तो दाखवायचा कसा हेही सांगून ठेवलं आहे. इथे तर चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका.

उत्तर शोधायला तू पुस्तक उघडू नकोस, कागद घे. दोन त्रिकोण काढ, एक टोकावर उभा, दुसरा बुडावर बसलेला, टोकाला टोक लावून. वरचा म्हणजे छाती आणि खांदे, खालचा म्हणजे कटिभाग. हात, पाय, मान या साध्या रेघा. आता वरचा त्रिकोण जरासा पुढे कलता काढ. माणूस आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, वाकला. मागे कलता काढ, तो विहिरीचा दोर ओढायला लागला. बाजूला कलता काढ, पाय गुडघ्यात मोडून काढ, तो नाचायला लागला. सगळं काम त्या एका बिंदूवर चालतं, जिथे दोन टोकं भेटतात. तिथे कंबर आहे. इतक्या बारीक टेकूवर धड उभं केलं की ते स्थिर राहूच शकत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आत्ता हललं. वारली माणूस नुसता उभा काढला तरी निघालेला दिसतो तो याच कारणाने. तुझ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच करायला लावलं असतं: आरसा बंद, चेहरा विसरा, कंबर शोधा.

माझ्या नोकरीची वर्षं डहाणू-तलासरीकडे गेली, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ पासून पालघर. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काढलेली चित्रं. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून मऊ केलेली. मी चित्रकला शिकवायचे, म्हणून त्या भिंतींकडे बघताना माझा डोळा आधी रचनेकडे जायचा. तारप्याच्या नाचाचं चित्र तू शंभरदा पाहिलं असशील, पुन्हा एकदा नीट बघ. नाचणाऱ्यांचं वेटोळं वरून दिसतं, जणू आपण ताडावर चढून खाली बघतोय. पण त्या वेटोळ्यातलं प्रत्येक माणूस समोरून किंवा बाजूने दिसतं. एकाच वेळी दोन जागांवरून पाहिलेलं चित्र. आम्हाला शाळेत शिकवलेल्या यथार्थदर्शनाच्या नियमांत हे बसत नाही. ज्याने तो नाच बाहेर उभं राहून बघितला आहे तो असं काढणार नाही. जो त्या साखळीत नाचला आहे, ज्याला शेजाऱ्याचा खांदाही माहीत आहे आणि आपण मिळून केलेला गोल आकारही अंगाने माहीत आहे, त्यालाच हे असं दिसतं. मला तर त्या चित्रांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आता मध्यभागाकडे. तिथे नायक नाही, देव नाही, आहे तो तारपकरी, आणि त्याच्याहून ठळक त्याचा तारपा. वाळवलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, जोडांना मेण, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. आत घेतानाही गालातली हवा बाहेर चालूच असते, म्हणून सूर सलग राहतो. नाचणाऱ्या बाया-पुरुषांचे हात एकमेकांच्या कमरेमागून गुंफलेले. पुढचा घोळकाठी जमिनीवर आपटत ठेका देतो. तारपकरी वळेल तशी साखळी वळते, त्याने चाळा, म्हणजे वाजवायची धून, बदलला की पावलं बदलतात. आणि एक नियम, जो कुणी सांगत नाही पण मोडतही नाही: तारप्याकडे पाठ करायची नाही.

त्या नियमाचा तू विचार कर. प्रेक्षकांकडे तोंड करायचं, हे आपल्या रंगमंचाचं पहिलं पाऊल. इथे सगळ्यांची तोंडं आत. बघायला आलेल्याला पाठच दिसते. मला सुरुवातीला ते कोरडं वाटायचं, कुणी हसतंय का म्हणून मी वाकून वाकून बघायचे. चेहरे शांत असायचे, बहुतेकदा जमिनीकडे लागलेले. पण रात्र चढत जाईल तशी ती साखळी एका अंगाची होत जायची, एकाने टाकलेला भार शेवटच्या पोरापर्यंत पोचायचा. थकलेल्याला शेजारचे दोघे कमरेवर तोलून नेत. आनंद तिथे होता, त्या गुंफलेल्या हातांत. तो एकट्याच्या मालकीचा नसल्यामुळे चेहऱ्यावर दिसायची त्याला गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट हंगामाची. तारप्याचे दिवस म्हणजे मुख्यतः भात पिकल्यापासूनचे दिवस. पावसाळाभर चिखलात कंबर मोडून आवण झालेलं असतं. ज्या कमरेने रोपं लावली तीच आता नाचते. वाकण्याच्या त्या दोन तऱ्हा चित्रात शेजारी शेजारी ठेवून बघ, रेघ जवळजवळ तीच आहे. धान्याची देवी कणसरी. घरात आलेलं भात म्हणजे तीच. तिची कथा भगत गातो, घांगळीच्या तारांवर, रात्रभर. सांगणारा घाई करत नाही, ऐकणारे मधे झोपतात, उठतात, पुन्हा ऐकतात. कथा तेवढी लांब असणारच, कारण पेरल्यापासून कणगीत पडेपर्यंतचं सगळं तिच्यात आहे. नाच, चित्र आणि कथा हे तीन वेगळे विषय आपल्या शाळेच्या वेळापत्रकात. तिथे एकाच पिकाची ती तीन कामं.

लग्नाच्या चौकाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण ते सोडून हा विषय पुरा होत नाही. भिंतीवरचं चित्र मुळात बायकांचं. लग्न ठरलं की सुवासिनी घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढतात. मधे पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, बाहेर झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. धवलेरी गाणी म्हणून देवदेवतांना बोलावते. लग्न लावणारी तीच, बाई. चौक झाल्याखेरीज लग्न पुढे जात नाही. आणि लग्न उरकल्यावर? पिठाचा पांढरा रंग तो किती टिकणार. धुराने काळवंडतो, पुढच्या लिंपणाखाली जातो. कुणी हळहळत नाही. पुढचं लग्न येईल तेव्हा पुन्हा निघेल. तू नाचणारी आहेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुझ्या कलेचंही तेच आहे, झाली की गेली. त्या बायकांची नावं मात्र कुठे नोंदलेली नाहीत, आणि ती असायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं.

इथे मला तुला एका गोष्टीपासून सावध करायचं आहे. 'भोळे, निसर्गात रमलेले, सदा सुखी आदिवासी' असं काही तुझ्या निवेदनात येऊ देऊ नकोस. कुणी लिहून दिलं तरी कापून टाक. हीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांच्या वेठीला होती. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतले की नवरा 'लग्नगडी' व्हायचा. कर्ज फिटेपर्यंत त्याने राबायचं, बायकोनेही राबायचं, आणि कर्ज फिटायचं कधीच नाही. विचार कर, ज्या घरात पालघटेचा चौक निघत होता त्याच घरात त्याच लग्नापायी माणूस गहाण पडत होता. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यातला एक. तरीही वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडलं. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुझ्या बाबांच्या कपाटात आहे, निळ्या कापडात बांधलेलं. नाच बसवायच्या आधी ते वाच. ते वाचल्यावर तो गोल तुला वेगळा दिसेल. ज्यांच्या अंगावर दुसऱ्याची मालकी होती, ती माणसं वर्षातून काही रात्री आपलं अंग आपल्या माणसांच्या हातात देत होती. त्या आनंदाला गोड म्हणवत नाही मला. तो कणखर आहे.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे या १९४५ च्या लढ्यावेळी दहा-अकरा वर्षांचा पोर होता, तलासरीकडचाच. पुढे डहाणूच्या गंजाडमध्ये कळंबीपाड्याला आला. लहानपणी आई गेली आणि त्याचं बोलणंच थांबलं. सांगायचं ते तो धुळीत बोटाने काढून सांगायचा, असं त्याच्याबद्दल सगळेच सांगतात. भाषा गेल्यावर ज्याने रेघेने गोष्ट सांगितली त्याच्या रेघेत भार असणारच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. मिथिलेच्या भिंतीवरची चित्रं कागदावर आणण्यात त्यांचा आधीच मोठा वाटा होता. त्यांनी इथेही कागद दिला, आणि ज्याने हे बायकांचं काम मनापासून उचललं तो हा जिव्या. लग्नाची वाट न बघता तो रोज चित्र काढू लागला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं होती, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ च्या मे महिन्यात तो गेला. त्याचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मिळालं तर मुलींना दाखव. कागदभर पसरलेलं बारीक जाळं, पांढऱ्या तुटक रेघांचं. कुठेही एक रेघ निपचित नाही. माणसं, पाखरं, किडामुंगी, दिवसरात्र सगळं हलतं आहे, आणि हलणं म्हणजेच जगणं, असं तो आणि त्याची मुलं सांगत. जाळं बघितल्यावर ते ऐकीव वाक्य राहत नाही.

आता कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, विमानतळाच्या भिंतींवर तारप्याचा गोल असतो. त्यातून काही कलावंतांच्या घरी चूल पेटते, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण साखळीतला एकच माणूस कापून ओढणीच्या काठाला लावला की तो नाचत नाही, हेही खरं. पाड्यावरची तरुण मुलं मात्र चित्रात आगगाडी काढतात, मोटारसायकल काढतात. ते मला आवडतं. गोष्ट पुढे चालली आहे, आणि पुढे सांगायला त्या किनाऱ्यावर खूप काही घडतं आहे. बुलेट ट्रेनच्या मार्गाचे खांब, वाढवणचं बंदर. याचीही चित्रं कुणीतरी काढतच असेल.

तर तुझ्या कार्यक्रमाचं. मुलींच्या गालांवर पांढरे ठिपके रंगवू नकोस. 'हसा, हसा' असं विंगेतून सांगू नकोस. एकटीचा नाच यात ठेवू नकोस, कितीही चांगली नाचणारी असली तरी. शक्य असेल तर रंगमंच सोडून शाळेच्या मैदानात कर. पालकांना भोवती बसव, मुलींची पाठ त्यांच्याकडे येऊ दे. एखादी आई तक्रार करेल की माझ्या लेकीचा चेहराच दिसला नाही. तिला पुढच्या फेरीत साखळीत घे. साखळी वाढवता येते, हा या नाचाचा मोठा गुण, कथकात तो नाही.

आणि ध्वनिमुद्रित तारपा लावू नकोस. मुद्रणाला मुलींची पावलं दिसत नाहीत, तारपकऱ्याला दिसतात. थकल्या की तो चाळा उतरवतो, अंगात आलं की चढवतो. जव्हारकडचा एक वाजवणारा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, मी त्याच्याशी बोलते. त्याचा एसटीचा आणि राहण्याचा खर्च शाळेने द्यायचा, आणि मानधन तुझ्या तबलेवाल्या दादांना देता तेवढंच, एक रुपया कमी नाही. हे मुख्याध्यापकांकडून आधी लेखी घे. भात कापणीच्या दिवसांत त्याला बोलावू नका, तो येणार नाही आणि येऊही नये. दिवाळीनंतरची तारीख धरलीत तर जमेल. तारीख लवकर कळव, म्हणजे मला निरोप धाडता येईल.

तुझी,
आत्या