हिंजवडीहून बीबीच्या मकबऱ्याकडे

हिंजवडीच्या आयटी पार्कात इमारतींना बाहेरून काच आणि आतून जिप्समचा गिलावा असतो. काच सगळ्यांना दिसते, गिलावा करणारे हात दिसत नाहीत. आमचा भाचा तिथे हेच काम करतो. पाहुण्यांनी विचारले तर नुसते "बांधकामात आहे" म्हणतो आणि विषय बदलतो. सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन औरंगाबादला निघालो, तेव्हा त्यालाही आग्रहाने सोबत घेतले. चाकण, शिक्रापूर, अहिल्यानगर असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता.

बीबीचा मकबरा म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू यांची कबर. त्यांचे निधन 1657 साली झाले आणि 1660-61च्या सुमारास ही वास्तू पूर्ण झाली. वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय यांची नावे मुख्य दरवाजावर आहेत. खर्चाची नोंद 6,68,203 रुपये 7 आणे. ताजमहालाच्या मानाने रक्कम फारच थोडी, म्हणून लोक याला "गरिबांचा ताज" म्हणतात.

जवळ गेल्यावर कळते की संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्यापुरताच आहे. त्याच्या वर घुमटाच्या तळापर्यंत आपला दख्खनी काळा दगड आहे आणि त्यावर चुन्याचा घोटून गुळगुळीत केलेला गिलावा. वेलबुट्टी काढली आहे ती याच गिलाव्यात. घुमट मात्र पुन्हा संगमरवरी.

मराठीत या कामाला चुनेगच्ची म्हणतात. त्यातला "गच" फारसीतून आला, आणि फारसीत गच म्हणजे जिप्समच! हे सांगताच भाचा हसला. मग भिंतीपाशी बराच वेळ उभा राहून मुलांना समजावू लागला. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, वाळूबरोबर घाणीत मळायची. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. जिप्सम अर्ध्या तासात घट्ट होते. चुन्याला सबर लागतो. "फुले साच्यातून काढणे सोपे," तो म्हणाला, "पण एवढी भिंत एकसारखी घोटायची म्हणजे हात पक्का हवा. हे आमच्याच लोकांचे काम." "आमच्याच" हा शब्द त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

आत जाळीच्या संगमरवरी अष्टकोनातून खाली कबर दिसते. आम्ही दुआ केली. बाहेर आलो तर गिलाव्यावर कुणी कुणी आपली नावे कोरून ठेवलेली. ज्यांनी ती भिंत घोटली, त्यांचे नाव मात्र कुठेच नाही.

आपण मुलांना घेऊन तिथे जाल तेव्हा घुमटाबरोबर ही भिंतही दाखवा. तिला हात न लावता पाहायला शिकवा. आणि पुढच्या वेळी आपल्या घरी गिलाव्याला कारागीर आला, तर चहा देताना त्याचे नावही विचारा.