एका व्हॉल्व्हची चौकशी

मस्कतमध्ये निरोपसमारंभांना तोटा नाही. कुणाचा करार संपतो, कुणाची मुलं कॉलेजसाठी भारतात जातात, कुणी थेट कॅनडा गाठतं. भाषणं, शाल-श्रीफळ आणि बटाटेवडे आटोपले की एखादा गिटारवाला तरुण ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ सुरू करतो आणि भावगीतांवर पोसलेली आम्ही मंडळीसुद्धा टाळ्यांचा ठेका धरतो. ते गाणं लिहिणारा जॉन डेन्व्हर विमान अपघातातच गेला, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात नसतं. आणि ते जेट नव्हतं. एका हौशी माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेलं, दोन जणांपुरतं चिमुकलं विमान होतं.

आम्ही त्या अपघाताच्या खोलात शिरलो ते अक्कामुळे. अक्का आमची थोरली बहीण, पुण्याला असते. तिचे चिरंजीव कॅलिफोर्नियात. त्यांनी एका मित्राबरोबर भागीत असंच घरगुती विमान घ्यायचं ठरवलं. कुणा निवृत्त गृहस्थाने गॅरेजमध्ये बांधलेलं. अक्काचा फोन आला, “तू इंजिनिअर ना? मग सांग मला, त्यात बसणं बरं का?”

आता आम्ही पडलो तेलाच्या फील्डवर पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारे. विमानाशी आमचा संबंध खिडकीची जागा मागण्यापुरता. पण अक्काला नाही म्हणणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, “मामा, कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं, तेव्हा तुम्हीच किती कौतुक केलं होतं!” खरं होतं. २०१६ साली मुंबईत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते विमान मांडलं, तेव्हा आमचीच छाती फुगली होती. पण कौतुक करणं वेगळं आणि सख्ख्या भाच्याला त्यात बसवणं वेगळं.

म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डेन्व्हरच्या अपघाताबद्दल काय म्हटलं, ते मुळातून वाचायला घेतलं. तारीख १२ ऑक्टोबर १९९७, जागा कॅलिफोर्नियातलं माँटेरे. डेन्व्हर ५३ वर्षांचा, २,७०० तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव असलेला. विमानाचं नाव लाँग-ईझी. बर्ट रुटान या नामांकित डिझायनरचे नकाशे विकत घ्यायचे आणि फोम व फायबरग्लास वापरून घरी बांधायचं, अशी ती जात. डेन्व्हरने ते नुकतंच, दुसऱ्याने बांधलेलं, विकत घेतलं होतं. या जातीच्या विमानाचा त्याचा सराव म्हणजे आदल्या दिवशीचा अर्धाएक तास. संध्याकाळी तो उडाला, धावपट्टीला तीनदा चाकं टेकवून पुन्हा वर गेला आणि समुद्राकडे वळला. किनाऱ्यावरच्या लोकांना इंजिनाचा आवाज बदललेला जाणवला. मग विमान नाक खाली करून पाण्यात गेलं.

आणि इथे आमच्या पोटापाण्याची वस्तू आली : व्हॉल्व्ह! या विमानाला पेट्रोलच्या दोन टाक्या. इंजिनाला एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल मिळतं. एक संपत आली की व्हॉल्व्ह फिरवून दुसरी चालू करायची. रुटान यांच्या नकाशात तो व्हॉल्व्ह पायलटच्या समोर, दोन पायांच्या मधे. पण पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत म्हणून बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला. हेतू चांगलाच होता! पण व्हॉल्व्हवर कुठली टाकी कुठल्या बाजूला याची खूण नव्हती. पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या काचाही पाठीमागे, त्यांच्यावरही खुणा नाहीत. उड्डाणापूर्वी तंत्रज्ञाने त्या काचा बघायला आरसा देऊ केला. दांड्याला व्हाइसग्रिप पकड लावून तो लांब होतो का, हेही दोघांनी करून पाहिलं. जमलं नाही. पेट्रोल भरायचं का, असं विचारल्यावर डेन्व्हर नको म्हणाला. तासभरच तर उडायचं होतं.

चौकशी करणारे स्वतः तशा विमानात बसले. व्हॉल्व्हपर्यंत पोचायला स्टिकवरचा हात काढावा लागे, खांद्याचा पट्टा सैल करावा लागे आणि अंग पिळावं लागे. तसं वळताना आधारासाठी उजवा पाय आपोआप रडरच्या पेडलवर दाबला जाई. मग विमान भलतीकडे वळणारच!

१९९९ च्या जानेवारीत मंडळाने निष्कर्ष दिला. डेन्व्हरचं लक्ष उडवण्यावरून ढळलं, रडर नकळत दाबलं गेलं, त्याने पेट्रोल भरलं नाही, हे मुख्य कारण. पण तेवढ्यावर कागद मिटला नाही. अडचणीच्या जागी बसवलेला बिनखुणांचा व्हॉल्व्ह, बिनखुणांच्या काचा आणि अपुरा सराव, हेही नोंदलं गेलं.

हे वाचताना आम्हाला मिरजेकडचा एक फिटर आठवला. इंटिरियरमध्ये आम्ही एका कंत्राटदाराकडे असताना त्याचा हात गेला. चौकशी एका ओळीची : ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ तो व्हॉल्व्ह पाइपांच्या जाळीमागे होता, शिडीवर एका पायावर उभं राहून आंधळेपणाने हात घालावा लागे, हे कुठेच लिहिलं नाही. फिटर गावी गेला, व्हॉल्व्ह तिथेच राहिला. त्याच्या जागी आलेला पोरगा त्याच शिडीवर चढताना पाहून आमच्या पोटात गोळा यायचा.

विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम, ज्या करारात भारत आणि ओमान दोघेही आहेत, स्पष्ट सांगतो की चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी. दोष वाटण्यासाठी नव्हे. दोष वाटला की काम संपल्यासारखं वाटतं. पुढच्या माणसाचा हात मात्र तिथेच जायचा असतो.

भाच्याला कळवलं, “विमान जमिनीवर असताना आत बस. पट्टे घट्ट बांध, डोळे मीट आणि प्रत्येक दांड्याला हात लावून बघ. मग डोळे उघड आणि खुणा वाच.” त्याने तसं केलं. व्हॉल्व्ह हाताशी होता, पण खुणा पुसट झालेल्या. त्या नव्याने रंगवून होईपर्यंत आणि शिक्षकाबरोबर पुरेसे तास होईपर्यंत त्याने पैसे अडवून धरले.

अक्काला हे सगळं सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “टाकी भरून घेईल ना रे तो?”