सिंगापूर ते न्यूयॉर्क : एक दोरा आणि तीन घड्याळे

आमची थोरली मुलगी सिंगापूरला नोकरीस आहे. गेल्या जूनमध्ये कंपनीने तिला कामासाठी न्यूयॉर्कला पाठवायचे ठरवले. “मधे कुठे उतरायचं नाही. एकच विमान, साडेअठरा तास,” असे तिने फोनवर सांगितले आणि आजीच्या पोटात गोळा आला.

आम्ही धाकट्याचा पृथ्वीगोल खाली काढला. भिंतीवरच्या नकाशात ही दोन शहरे पाहिली, की विमान सरळ आडवे जात असेल असे वाटते. पण गोलावर दोरा ताणला तर तो थेट उत्तर ध्रुवाजवळून गेला! कारण दोन्ही शहरांचे रेखांश जवळजवळ समोरासमोर आहेत. सिंगापूर विषुववृत्ताला लागून. तेथून ध्रुवापर्यंत सुमारे ८९ अंश आणि ध्रुवापलीकडे न्यूयॉर्कपर्यंत ४९. एकूण १३८. एका अंशाला १११ कि.मी. धरून धाकट्याने गुणाकार केला, तो १५,३१८ आला. चांगी ते केनेडी विमानतळ हे मोजलेले अंतर आहे १५,३४९ कि.मी. पोराची छाती फुगली!

प्रत्यक्षात विमान दोऱ्यावरूनच जाते असे नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. न्यूयॉर्कला जाताना हा वारा पाठीशी घ्यायला विमान बहुधा पॅसिफिक महासागरावरून जाते. वाट लांबते, पण वेळ वाचतो.

ही सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती जगातील सर्वात लांब पल्ल्याची नियमित विमानसेवा ठरली. एवढ्या पल्ल्यासाठी बनवलेल्या एअरबस ए-३५० विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते. वजन आवरावे म्हणून प्रवासी मात्र १६१ च. स्वस्त वर्ग त्यात नाहीच. कंपनीने तिकीट काढले म्हणून आमची पोर बसली. आपल्या पगारात बसणारी ही वाट नव्हे. मधे एका ठिकाणी विमान बदलले तर वेळ जास्त जातो, पण भाडे बहुधा कमी पडते.

आता घड्याळे. विमान सिंगापूरहून रात्री बाराला निघाले, तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे दुपारचे चार वाजतील, तेव्हा ते उतरणार. आणि तेथे असतील सकाळचे साडेसहा! म्हणजे तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवासाचा वेळ कळत नाही. दोन गावांच्या घड्याळांतला फरकही धरावा लागतो. हा फरक उन्हाळ्यात बारा तासांचा, हिवाळ्यात तेरा.

आजीला एवढा हिशेब नको होता. “चार वाजता,” एवढेच तिने धरून ठेवले. दुपारचे ताट तसेच झाकून ठेवले. चार वाजले. सव्वाचार झाले. आम्ही कोणी एकमेकांकडे बघेना. चार वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला, “पोचले गं आजी!”

आजीने विचारले, “जेवलीस का?” आणि मग स्वतःचे ताट उघडले.